संगणकाची कालगणना आणि २०३८ साल

सकाळी डेअरीवर दूध घातले, की आपल्या हाती एक लहानशी चिठ्ठी येते. दूध किती लिटर भरले, फॅट किती लागले, दर काय, रक्कम किती, हे सारे तीवर छापलेले असते. पण त्याबरोबर आणखी एक ओळ असते, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती ओळ म्हणजे तारीख आणि वेळ. पुढे बिल निघते ते या तारखेच्या आधारावर. तारीख चुकली, तर दूध खरे, फॅट खरे, पण हिशोब खोटा!

आता ही तारीख यंत्राला कोण सांगते? यंत्राला चैत्र-वैशाख ठाऊक नसतात, की सोमवार-मंगळवार ठाऊक नसतो. त्याला फक्त मोजता येते. मोजणाऱ्याच्या वहीत आकडा लिहायला जागाच उरली नाही तर काय होते, आणि ती चूक दुरुस्त कशी करतात, हा आजचा आपला विषय आहे. विषय संगणकाचा असला तरी बिचकण्याचे कारण नाही. बेरीज आणि भागाकार ज्याला येतो, त्याला तो समजेल.

संगणक म्हटला की पडदा आणि कळा आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण आत सगळी व्यवस्था पाहणारा एक मोठा प्रोग्रॅम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि तिचा जो गाभा त्याला कर्नेल म्हणतात. बदाम फोडला की आत जो गर निघतो, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. मोठ्या वाड्यातल्या दिवाणजीसारखे या कर्नेलचे काम असते. कोणाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी करायचे, कोणती वस्तू कोठे ठेवली आहे, आणि आत्ता किती वाजले आहेत, हे बाकीचे सर्व प्रोग्रॅम त्यालाच विचारतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम रचायला घेतली. तिच्याच धर्तीवर १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हे कर्नेल लिहिले. तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल, तर तो याच लिनक्सवर चालतो.

या सगळ्या मंडळींनी कालगणनेची एक सोपी रीत ठरवली. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचची मध्यरात्र झाली, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले, त्या क्षणाला शून्य म्हणायचे. तेव्हापासून किती सेकंद झाले एवढेच मोजत राहायचे. कोणी तारीख विचारली की त्या सेकंदांवरून दिवस, महिना, वर्ष काढून द्यायचे. ९ सप्टेंबर २००१ रोजी आपल्याकडे सकाळचे सव्वासात वाजून गेले, आणि या मोजणीने शंभर कोटींचा आकडा गाठला. रीत फार चांगली आहे. त्यात महिन्यांचे तीस-एकतीस नाहीत, लीप वर्षाची कटकट नाही. अडचण आली ती जागेची.

संगणक आकडा लिहितो तो लहान लहान घरांमध्ये. एकेका घराला बिट म्हणतात, आणि त्यात फक्त शून्य किंवा एक राहतो. या सेकंदांसाठी जो खण राखून ठेवला, त्यात ३२ घरे होती. त्यांतले पहिले घर अधिक-उणे दाखवण्यासाठी गेले. १९७० पूर्वीच्या तारखा उणे आकड्यांनी लिहिता याव्यात, म्हणून ही सोय. उरली ३१ घरे.

एकतीस घरांत किती मावते? बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. पहिली ३१ घरे भरली की एकूण दाणे होतात २,१४,७४,८३,६४७. बिटांचा हिशोब तंतोतंत हाच आहे. म्हणजे एवढे सेकंद मोजून झाले की खण काठोकाठ भरला.

हा दिवस कोणता, ते शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडून घ्यावे. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. ३६५ दिवसांच्या वर्षाचे ३,१५,३६,००० सेकंद. अशा ६८ वर्षांचे होतात २,१४,४४,४८,०००. हे आपल्या मोठ्या आकड्यातून वजा केले की उरतात ३०,३५,६४७. पण १९७२ पासून २०३६ पर्यंत लीप वर्षे सतरा येतात. त्या सतरा जादा दिवसांचे १४,६८,८०० सेकंद काढून टाकले की राहतात १५,६६,८४७. त्यांतून अठरा दिवसांचे १५,५५,२०० गेले. शिल्लक ११,६४७ सेकंद, म्हणजे ३ तास, १४ मिनिटे आणि ७ सेकंद. १९७० मध्ये ६८ वर्षे मिळवली की २०३८ साल येते. त्यातले अठरा दिवस उलटले की १९ जानेवारी. ग्रीनिचची वेळ पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंद, म्हणजे आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. वार मंगळवार.

यानंतरच्या सेकंदाला काय घडते, ते समजायला जुन्या मोटारसायकलचे मीटर आठवा, आकड्यांची चाके फिरतात ते. पाच चाके आहेत आणि सगळी शून्यावर आहेत, असे धरा. चाक एक पाऊल मागे फिरवले तर काय दिसेल? ९९९९९. मग आपण असे ठरवू या, की ९९९९९ म्हणजे उणे एक, ९९९९८ म्हणजे उणे दोन. असे करत निम्म्यापर्यंत, म्हणजे ५०००० पर्यंतचे सगळे आकडे उण्यांना देऊन टाकू. ठीक चालते. पण आता शून्यापासून पुढे मोजत निघा. ४९९९९ झाले आणि चाक आणखी एक पाऊल पुढे गेले की ५०००० येते. आणि आपल्याच करारानुसार त्याचा अर्थ होतो उणे पन्नास हजार! मीटर बिघडलेले नाही, चाकही बरोबर फिरले आहे. फक्त आकड्याचा अर्थ एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला. संगणकाच्या खणात हेच होते. ३१ घरे भरल्यावर एक मिळवला की हातचा पहिल्या घरात जातो, आणि यंत्र ती संख्या सर्वांत मोठी उणे संख्या म्हणून वाचते. तारीख निघते १३ डिसेंबर १९०१. एका सेकंदात यंत्र १३६ वर्षे मागे जाते.

'२०३८ अजून लांब आहे, तेव्हाचे तेव्हा पाहू,' असे कोणी म्हणेल. पण पुढच्या तारखांचा हिशोब आजच करणारे प्रोग्रॅम असतात. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मांडायचे, तर २०१८ सालीच २०३८ ची तारीख काढावी लागली. मे २००६ मध्ये याचा एक नमुना दिसला. एओएलसर्व्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये 'हे काम कधीच थांबवू नकोस' असे सांगण्यासाठी कोणी 'शंभर कोटी सेकंदांनी थांब' असे लिहून ठेवले होते. शंभर कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३२ वर्षे. २००६ च्या त्या दिवशी आजची वेळ अधिक शंभर कोटी ही बेरीज ३१ घरांच्या पलीकडे गेली, आणि चांगले चाललेले प्रोग्रॅम कोसळू लागले.

आणि हा प्रश्न नुसत्या तारखेचाही नाही. यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळ झाला, हे मोजणारे लहान लहान गणक आत असतात. त्यांचेही खण भरतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने बोइंग ७८७ विमानांबाबत एक आदेश काढला. विमानाची वीज २४८ दिवस अखंड चालू राहिली, तर जनित्रांवर देखरेख करणाऱ्या यंत्रांतला गणक ओसंडून जाई, आणि चारही यंत्रे एकदम स्वतःला बंद करून घेण्याचा धोका होता. म्हणजे उडत्या विमानाची वीजच जायची. सेकंदाचे शंभर भाग करून मोजले, तर ३१ घरे बरोबर २४८ दिवसांनी भरतात. ठरावीक मुदतीत वीज एकदा बंद करून पुन्हा चालू करा, असा तात्पुरता उपाय तेव्हा सांगण्यात आला.

मग पहिल्यांदाच मोठा खण का घेतला नाही? त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग आणि फार थोडी होती. एकेका बिटाची काटकसर करावी लागे. गंमत अशी, की युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तकात वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजलेली होती. त्या हिशोबाने ३२ घरे अडीच वर्षेही पुरली नसती. म्हणून त्यांनीच ती रीत सोडून सेकंद धरले. त्यांना त्यात ६८ वर्षांची सोय झाली. आपण लिहिलेले अडुसष्ट वर्षे टिकेल, असे त्या वेळी कोणाला वाटणार?

आता दुरुस्तीकडे वळू. तिच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत अशी, की खण तेवढाच ठेवायचा, तो फिरून पुन्हा सुरू झाला तरी चालेल, पण तुलना शहाणपणाने करायची. भिंतीवरचे घड्याळ पाहा. एक माणूस अकराला निघाला आणि एकला पोचला. 'अकरा मोठे की एक मोठा?' असे विचारले, तर तो निघण्याआधीच पोचला असे उत्तर येईल. पण 'अकरापासून काटा किती घरे पुढे गेला की एकवर येतो?' असे विचारा. उत्तर दोन, आणि ते बरोबर आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये 'जिफी' नावाचा टिकटिकणारा गणक आहे. सेकंदाला शंभर टिकटिक धरल्या तर ३२ घरे ४९७ दिवसांत भरून पुन्हा शून्यावर येतात. म्हणून तेथे असा नियम केला, की दोन जिफींची तुलना 'मोठा कोण' अशी करायची नाही. वजाबाकी करून ती अधिक येते की उणे येते ते पाहायचे. दोन वेळांमधले अंतर खणाच्या निम्म्याहून कमी असले, की ही रीत कधीच फसत नाही.

पण नियम केला तरी तो सगळ्यांनी पाळला आहे, हे कळणार कसे? ४९७ दिवस कोणी वाट पाहत बसत नाही. तेव्हा लिनक्सवाल्यांनी मोठी युक्ती केली, बरं का. यंत्र सुरू होते तेव्हा हा गणक शून्यावर न ठेवता, भरायला पाचच मिनिटे उरतील असा ठेवायचा! म्हणजे कोणी चुकीची तुलना लिहिली असेल, तर ती दीड वर्षाने ऐन कामाच्या वेळी बाधण्याऐवजी पहिल्या पाच मिनिटांतच, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उघडी पडते. शिक्षकांनी ही युक्ती ध्यानात ठेवावी. जी चूक उशिरा दिसते, तिला लवकर बोलवावे.

दुसरी रीत म्हणजे खणच मोठा करायचा. ३२ घरांच्या जागी ६४. एक घर चिन्हाला गेले की ६३ उरतात. बुद्धिबळाचा अख्खा पट भरायला एकच घर कमी! एवढ्या घरांत सुमारे २९,२०० कोटी वर्षांचे सेकंद मावतात, म्हणजे आजवरच्या विश्वाच्या वयाच्या जवळजवळ एकवीसपट. मात्र तेथेही मोजतो काय, हे पाहावे लागते. कर्नेल आतल्या कामासाठी सेकंदाचे शंभर कोटी भाग करून मोजते. त्या बारीक मापाने हीच ६३ घरे २९२ वर्षांत, म्हणजे शून्याचा क्षण १९७० चा धरला तर २२६२ साली भरतील.

हे ऐकून वाटेल, की ३२ खोडले, ६४ लिहिले, झाले काम. तसे असते तर एका दुपारचे काम होते. पण हा खण एकट्या कर्नेलचा नाही. कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये तहसील कचेरीसारख्या ठरलेल्या खिडक्या असतात. प्रोग्रॅम आपला कोरा कागद घेऊन खिडकीशी येतो आणि म्हणतो, 'यावर वेळ लिहून द्या.' जुन्या प्रोग्रॅमने आणलेल्या कागदावर घरे ३२ च आखलेली. कर्नेलने त्यावर ६४ घरांचा आकडा लिहिला, तर तो शेजारच्या रकान्यात जाणार, आणि तेथे कदाचित कोणाच्या पैशांचा हिशोब असणार. आणि लिनक्सचा जुना दंडक असा, की लोकांचे चालते प्रोग्रॅम आपण मोडायचे नाहीत.

म्हणून त्यांनी जुनी खिडकी तशीच ठेवून तिच्या शेजारी नवी खिडकी उघडली. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे नवे पैसे आले, तेव्हा काही काळ आणे आणि नवे पैसे शेजारी शेजारी चालले, तसेच हे. आधी कर्नेलच्या पोटातली अरुंद खणांची शेकडो ठिकाणे शोधून एकेक बदलली. आर्न्ड बर्गमन हे या कामात अग्रभागी होते. मग मे २०१९ मध्ये निघालेल्या लिनक्स ५.१ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी नव्या खिडक्या आल्या. मार्च २०२० च्या ५.६ या आवृत्तीत हे काम इतके पुरे झाले, की ३२ बिटांचे यंत्रही २०३८ च्या पलीकडे नेता येईल. ओपनबीएसडी नावाच्या दुसऱ्या सिस्टीमने निराळा मार्ग धरला. त्यांचे कर्नेल आणि मुख्य प्रोग्रॅम एकाच घरात तयार होतात. त्यांनी मे २०१४ मध्ये जुने मोडून सगळेच एकदम बदलले. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. ज्याच्या वाड्यात भाडेकरू फार, त्याला जुना दरवाजा एकदम बुजवता येत नाही, इतकेच.

खिडक्या झाल्या तरी चकत्या राहिल्याच. फाईल केव्हा लिहिली ही वेळ चकतीवर कोरलेली असते, आणि तीही जुन्या अरुंद खणात. एक्स्ट४ नावाच्या मांडणीत दोन जादा बिटांची जागा काढली, तिने मुदत २४४६ पर्यंत गेली. एक्सएफएस या मांडणीत २०२० साली सुधारणा होऊन ती २४८६ पर्यंत गेली. काही जुन्या मांडण्यांत जागाच नाही. तेथे निदान तारीख १९०१ कडे न पळता शेवटच्या शक्य क्षणावर थांबून राहावी, एवढी व्यवस्था कर्नेलने केली आहे.

शेवटी राहिले प्रोग्रॅम. त्यांना नव्या खिडकीकडे जायचे तर ते पुन्हा नव्याने बांधून घ्यावे लागतात. त्यासाठी लागणारे साहित्य लिनक्सच्या मूळ ग्रंथालयात ऑगस्ट २०२१ मध्ये आले. डेबियन नावाच्या मोठ्या संचाने आपले हजारो प्रोग्रॅम तपासून बांधले, आणि ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीत ते दिले. तरीही सर्वांत जुन्या ३२ बिटी पीसींसाठीचा भाग त्यांनी जुन्याच मापाचा ठेवला, कारण त्यावर चालणारे जुने प्रोग्रॅम पुन्हा बांधायला त्यांचे कर्ते आता सापडायचे नाहीत.

तर कर्नेलपुरती दुरुस्ती झाली आहे. नव्या ६४ बिटांच्या फोनना आणि संगणकांना मुळात फारशी भीती नव्हती. धास्ती आहे ती भिंतीत बसवलेल्या, खांबावर टांगलेल्या, एकदा लावून विसरलेल्या यंत्रांची. हजेरीचे यंत्र, पाण्याच्या टाकीवरचे नियंत्रण, हवामानाची पेटी, ही यंत्रे पंधरा-वीस वर्षे चालतात, आणि त्यांचे कर्नेल बसवल्या दिवशी जे होते तेच राहते. यांतले कोणते सुरक्षित आणि कोणते नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून शाळेसाठी, दूध संस्थेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी असे यंत्र घेताना विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारावे. याची तारीख २०३८ च्या पुढे चालते का? आणि आतला प्रोग्रॅम पुढे बदलून देणार का? उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे. एखादे जुने, कामातून गेलेले यंत्र हाताशी असेल, तर त्याची तारीख १८ जानेवारी २०३८ ला लावून दुसऱ्या दिवसापर्यंत चालवून पाहावे. मात्र खऱ्या हिशोबाच्या यंत्रावर हा प्रयोग मुळीच करू नये.

मोजायला किती जागा ठेवायची, हे ठरवणारा माणूस त्या वेळी फक्त आपल्या सोयीचा विचार करत असतो. त्या जागेत राहायचे मात्र पुढच्यांना असते. विहीर खणताना, रस्ता आखताना, खातेवहीचे रकाने पाडतानाही हेच होते. १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास डेअरीवर रांग असेलच, आणि आज पहिलीत बसलेली मुले तेव्हा दूध घालायला उभी असतील. त्यांच्या चिठ्ठीवर त्या दिवसाचीच तारीख पडावी, यासाठी पाहायचे ते आपल्याला आत्ता पाहायचे आहे.